नामशेष पक्ष्याची पिल्लं

नामशेष झालेल्या लालतुऱ्या पक्ष्याची तीन पिल्लं संग्रहालयाच्या खिडकीतून उडून गेली.

छे, असं काही झालंच नाही. संग्रहालयात काही उडत नाही, तसा नियम आहे. आपण पहिल्यापासून बघू.

भुसेकाकांचं काम मेलेल्या प्राण्यांच्या पोटात भुसा भरायचं. जिवंतांशी त्यांचा संबंध बेताचाच, बायको सोडली तर. त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे लालतुऱ्या, जगातला शेवटचा. शेवटचाच उरलाय हे कळताच संस्थापकांनी तो कुठे हरवू नये म्हणून गोळी घालून ठेवला होता. भिंतीवर त्यांची तसबीर आहे, खाली 'पक्षिमित्र', हातात बंदूक.

एका सकाळी काका त्या कपाटाची धूळ झटकायला गेले, तर लालतुऱ्यासमोरच्या घरट्यात, प्लास्टरच्या अंड्यांशेजारी, तीन चोची आ वासून बसलेल्या. कपाटामागच्या खिडकीच्या फुटक्या काचेतून चिमणी ये-जा करत होती.

काका झटकणी टाकून बाहेर धावले. "मावशी, उद्या कीड मारायला कपाटात विषारी धूर सोडणारेत हो."

"मग उचला आणि झाडावर ठेवा," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या.

"झाड कुठंय? पार्किंग झालं ना त्याचं."

"मग साहेबांच्या पाया पडा."

काका गेले. चिमण्या कीड या सदरात मोडतात हे माहीत असल्यामुळे त्यांची जीभ भलतीकडेच वळली.

"साहेब, लालतुऱ्याला पिल्लं झालीत."

"अहो, त्याच्या पोटात भुसा आहे ना?"

"हो, मीच भरलाय."

"मग?"

"उत्तम प्रतीचा भरलाय साहेब."

साहेबांनी क्षणभर विचार केला. त्यात त्यांना स्वतःची बढती दिसली. धूर रद्द झाला, पाटीवरचं 'नामशेष' खरवडलं गेलं, आणि पिल्लांच्या सुरक्षेसाठी फुटक्या जागी जाड काच बसली. वर एक पहारेकरी.

आता चिमणी चोचीत अळी धरून काचेवर आपटू लागली. पहारेकरी काठी आपटून म्हणाला, "हुश! पळ इथनं. आत दुर्मिळ पिल्लं आहेत!"

काकांची पंचाईत झाली. खरं सांगावं तर पिल्लं विषानं जाणार, गप्प बसावं तर भुकेनं. शेवटी त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं, "काचेला आतून पॉलिश लागतं. दिवसभर." आणि स्क्रू काढून, खिडकी सताड उघडून ते पॉलिशचा डबा मांडीवर घेऊन बसले. चिमणी त्यांच्या टकलावरून ये-जा करू लागली. काका पुसत राहिले, आधी काच, मग टक्कल.

पिसं फुटली. मंत्री आले, भाषण झालं, पडदा सरकला. टाळ्या वाजल्या मात्र, तिन्ही पिल्लं दचकून मंत्र्यांच्या डोक्यावरून खिडकीबाहेर!



"भुसेकाका, हे काय?" साहेब दात-ओठ खात पुटपुटले.

"मोठी झाली साहेब," काका म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर, पक्ष्यांना वाचायला सोपी जाईल अशा उंचीवर, सूचना लागली:

'सर्व लालतुऱ्या पक्ष्यांस कळविण्यात येते की, आपण या कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अस्तित्वात आला आहात. तरी आपण कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहून पुनश्च नामशेष व्हावे, ही नम्र विनंती.'