रंभेचं दूध

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नागाप्पा गवळ्याच्या तीन म्हशी सकाळी येऊन उभ्या राहिल्या की तालमीतून घाम गाळून आलेली माणसं पेले घेऊन पुढं सरसावत. फेसाळ धार कासेतून पेल्यात आणि पेल्यातून पोटात. मध्ये चूल नाही की पातेलं नाही. दूध तापवणं म्हणजे दुधाचा अपमान, असं नागाप्पाचं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगे.

चौथी म्हैस रंभा. सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत तऱ्हेवाईक. तिला फक्त नागाप्पाच्या बायकोचा, शांतव्वाचा हात चाले. दुसरं कुणी जवळ आलं की आधी मान वळवून त्याला नीट बघून घेई आणि मग लाथ घाली. त्यामुळं ती कट्ट्यावर कधी गेलीच नाही. तिचं दूध घरी निघे आणि चरवीतून पेठेतल्या घरांत रतिबाला जाई.

त्रेपन्न सालच्या थंडीत नागाप्पाची नात नीलम्मा लंगडायला लागली. ही त्याच्या लेकीची मुलगी, वय वर्षं आठ. तिचे आईबाप हातकणंगल्याला. पोर शाळेसाठी आजोळी राहिलेली. जिभेला हाड नाही आणि पायाला चाक, अशी पोर. ती एक दिवस गुडघ्याच्या वर हात धरून उंबऱ्यावर बसली ती उठेना. संध्याकाळी ताप चढे, पहाटे घामानं अंथरूण भिजे आणि दिवसा पुन्हा ताप नाही. असं महिनाभर चाललं. शेजारणीनं दृष्ट काढली. गडमुडशिंगीच्या हाडवैद्यानं पाला बांधला. तोही ती खाजवून काढून टाकी. शेवटी मांडी टम्म सुजली तेव्हा नागाप्पानं तिला खांद्यावर घेतलं आणि थेट दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर कालिंदीबाई वाळिंबे म्हणजे पांढरं पातळ, जाड भिंगाचा चष्मा आणि कमी बोलणं. त्यांनी पायाचा फोटो काढून घेतला. गुडघ्याच्या वरच्या हाडात बोराएवढी पोकळी दिसली. हाडात पू झाला होता. तो त्यांनी शस्त्रक्रिया करून काढला, पायाला प्लास्टर घातलं. तरीही ताप यायचा तो येतच राहिला. कुणी म्हणालं, हाडाचा क्षय. बाईंना ते पटेना. त्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या आणि पोर काय खाते, काय पिते, हे विचारू लागल्या.

नीलम्माला बोलायला कुणी सांगावंच लागत नसे. ती म्हणाली, अज्जी रंभेची धार काढते तेव्हा मी समोर आ करून बसते. अज्जी कास वळवून धार नेमकी माझ्या तोंडात मारते. एकदा नाकात गेलती. ते तिनं करूनही दाखवलं. शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून पोटावरचे टाके सांभाळू लागली.

कालिंदीबाई मात्र हसल्या नाहीत. म्हैस अलीकडं गाभडली होती का, असं त्यांनी विचारलं.

गाभडली होती. श्रावणात, सातव्या महिन्यात. नागाप्पानं तेव्हा नारळ ओवाळून टाकला होता आणि विषय संपवला होता. बाईंनी त्याला समजावून सांगितलं की, एक प्रकारचे जंतू असतात, ते म्हशीचा गर्भ पाडतात. कच्च्या दुधातून माणसात येतात आणि क्वचित एखाद्या लेकराच्या हाडात घर करतात. रतिबाच्या घरांत दूध उकळतं, म्हणून तिथं कुणाला काही झालं नाही. पोरीचं रक्त तपासायला पुण्याला जाईल. म्हशीचंही रक्त पाहिजे.

नागाप्पाचा राग मस्तकात गेला. घरच्या लक्ष्मीवर आळ! पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. पोरीला चुलीवरचं मेलेलं दूध देऊ नको, धार थेट तोंडात सोड, हे शांतव्वाला कुणी बजावलं होतं? त्यानंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर गणपतराव पिशवी घेऊन गोठ्यात आले आणि पाचच मिनिटांत पिशवीसकट गोठ्याबाहेर शेणात बसले. रंभेनं त्यांना आधी नीट बघून घेतलं होतं. शांतव्वाला बोलवावं, तर ती दवाखान्यात. नीलम्मानं तिच्या पदराला गाठ मारून ती मुठीत धरलेली. दोन दिवस ती गाठ सोडू देत नव्हती.

गणपतरावांनी सदरा झटकत विचारलं, शांतव्वाचं रोजचं लुगडं घरात आहे का? नागाप्पाला वाटलं, पुसायला हवं असेल. मग त्याच्या ध्यानात आलं. तो ‘न्हाय’ म्हणाला, पुन्हा ‘न्हाय’ म्हणाला आणि घरात जाऊन लुगडं घेऊन आला. सहा फुटांचा, गालमिशांचा गडी. त्याला नऊवारीचा काष्टा काही जमेना. शेजारच्या चिमणाबाईनं दोरीवरचे कपडे टाकून येऊन तो घालून दिला, वर डोक्यावरून पदर घेतला आणि मिशा झाकल्या. तोवर कुडावर पंधरावीस माणसं जमली होती. नागाप्पानं कुणाकडंही बघितलं नाही. शांतव्वासारखं ‘बा, बा, नन्न मगळे’, ये गं माझ्या लेकी, असं कानडीत पुटपुटत तो रंभेच्या तोंडाशी गेला. रंभेनं लुगडं हुंगलं, मिशा हुंगल्या, जरा विचार केला आणि मान त्याच्या खांद्यावर टाकली. गणपतरावांनी मानेतनं रक्त घेतलं.

पुण्याहून उत्तर आलं. पोरीच्या आणि म्हशीच्या रक्तात एकच खूण. नीलम्माला रोजची इंजेक्शनं आणि पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यात ताप उतरला. नागाप्पा भेटायला गेला तेव्हा कालिंदीबाई हळूच म्हणाल्या, “रंभेचं कळलं. बाकीच्या तिघींचं?”

हे त्यानं स्वतःला विचारायचं टाळलं होतं. त्या तिघींचं दूध पंचवीस माणसं रोज कच्चं पीत होती. न तपासता गप्प बसलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. तो दिवसभर गोठ्यात बसून राहिला. संध्याकाळी स्वतःच गणपतरावांना घेऊन आला. दोघी नितळ निघाल्या. तिसरी, मोहरी, निघाली नाही.

दुसऱ्या सकाळी कट्ट्यावर पेले पुढं आले तेव्हा नागाप्पा धार काढायला बसलाच नाही. त्यानं सगळं सांगितलं. पोरीचं, रंभेचं, मोहरीचं आणि लुगड्याचंही, कारण ते कळलं नव्हतं असं कुणी उरलंच नव्हतं. सयाजी पैलवान दंड थोपटून म्हणाला, आठ वर्षं पितोय, मला कुठं काय झालं? नागाप्पा म्हणाला, “तुझं हाड जुनं हाय. माझ्या पोरीचं कवळं हुतं. आजपास्नं उकळून मिळंल. न्हाय पटलं तर दुसरीकडं जा की.”

बरेच जण गेलेही. सयाजी मात्र जाता जाता थांबला आणि आपलं रक्त कुठं तपासतात ते विचारून घेतलं.

बिद्रीकडचा एकजण रंभेला विकत घ्यायला आला होता. म्हैस बघूनच तो खूश झाला. नागाप्पानं त्यालाही खरं सांगितलं, तसा तो आल्या पावली परत गेला. पुढं रंभा आणि मोहरी वेगळ्या गोठ्यात बांधल्या, त्यांना पुन्हा रेड्याकडं नेऊन फळवलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला प्लास्टर कापलं. आतला पाय वाळक्या शेंगेसारखा बारीक निघाला. नीलम्मानं तो बघितला आणि हा माझा नव्हे, बदलून द्या, म्हणून बाईंशी भांडली. मग नागाप्पाचं बोट धरून उभी राहिली. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला तिनं बोट सोडलं, भिंत धरली आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन मागं वळून ओरडली, “अज्जा, तू का बसलास रं खाली?”

नागाप्पा जमिनीवरच बसला होता. कालिंदीबाईंनी चष्मा पुसला आणि स्टूल त्याच्याकडं सरकवलं.