जुन्या फ्लेक्सवर पट्टी

"जुना काढायचा नाही. त्याच्यावरच पट्टी बांधा आणि खाली या," एजन्सीचा मालक खालून ओरडला.

शिडीबुवा तेव्हा होर्डिंगच्या लोखंडी सांगाड्यावर, सगळ्यात वरच्या नळीला कमरेचा पट्टा अडकवून बसले होते. नवा फ्लेक्स लावायचाय म्हणून सकाळी बोलावलं होतं. आली काय, तर टॉवेलाच्या रुंदीची एक लांबलचक पट्टी. पिवळ्यावर लाल अक्षरं : 'शेवटचे काही फ्लॅट शिल्लक'. मागच्या फ्लेक्सवर आई, बाप, दोन मुलं आणि एक कुत्रा हिरवळीवर उभे राहून हसत होते, आणि पट्टी बसणार होती ती नेमकी कुत्र्यावर.

"कुत्र्याचं तोंड झाकलं जातंय," शिडीबुवा म्हणाले.

"कुत्र्याला फ्लॅट विकायचा नाहीये. बांधा."

शिडीबुवांनी पट्टी बांधली. चांगली ताणून, कुठे सुरकुती न पडू देता बांधली, कारण हात सवयीचा होता. मनात मात्र त्यांनी त्या बिल्डरचं तेरावं घालून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजा येत होती.

हा माणूस तसाच होता. उभं आयुष्य शहराच्या डोक्यावर चढून जाहिराती लावण्यात गेलं. लावता लावता त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं, आणि कुणी विचारो न विचारो, ते सांगत सुटायचे. धंद्यात पैसा खेळत असतो तेव्हा कंपनी जुना फ्लेक्स उतरवते आणि कोरा चढवते. हात आखडला की जुन्यावरच पट्टी येते. मग होर्डिंगचे दिवे बंद होतात. विचारलं तर बल्ब गेलेत म्हणतात. शेवटी नुसता सांगाडा उरतो आणि त्यावर एजन्सीचा फोन नंबर. या वर्षी गाड्यांच्या शोरूमवर पट्टी आली होती, कपड्यांच्या दुकानावर आली होती. एका शाळेने तर वर्ग सुरू होऊन महिने झाले तरी 'प्रवेश सुरू' लावायला सांगितलं होतं. कोरे करकरीत फ्लेक्स, तेही दुप्पट दिव्यांचे, फक्त एकाच धंद्याचे लागत होते : सोनं ठेवा आणि रोख घेऊन जा.

यात खोटं काहीच नव्हतं. पण सांगायची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्याच्या तोंडची चव जावी. कुणी नवं दुकान टाकलं, नवी गाडी घेतली, की हे तिथे हजर आणि मिठाचा खडा टाकून मोकळे. कोपऱ्यावरचा वाणी सहा महिन्यांत शटर ओढणार, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. वाण्याने शेजारचा गाळाही घेतला. मेव्हण्याला औषधांचं दुकान काढायचं होतं, त्यासाठी शिडीबुवांचाच रिकामा गाळा त्याला भाड्याने हवा होता. त्याला यांनी इतकं घाबरवलं, की तो दुसऱ्या रस्त्यावर गेला आणि तिथे त्याचं बस्तान बसलं. बायको ते अजून विसरलेली नव्हती. भाजी निवडतानासुद्धा ती ते काढायची.

आणि आता ज्या इमारतीवर कुत्र्याचं तोंड झाकलं गेलं, त्याच इमारतीत त्यांच्या एकुलत्या एका मुलीने फ्लॅट नोंदवला होता.

मुलगी आणि जावई त्याच संध्याकाळी घरी आले. जावई फर्निचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये विक्रीवर होता. बोलायला गोड, सोफ्याची उशी आणि सासूची तब्येत सारख्याच मायेने विचारणारा. शिडीबुवांना तो पहिल्यापासून आवडत नव्हता. त्याला कारण काही नव्हतं, आणि कारण नसल्यामुळे ते जातही नव्हतं.

काम उघड होतं. बिल्डरचा पुढचा मोठा हप्ता आला होता. राहत्या घराचा मालक घर खाली करा म्हणून मागे लागला होता. गाळा विकला तर हप्ता भागत होता. हे सगळं मुलीने एका दमात सांगितलं आणि वडिलांच्या तोंडाकडे बघत बसली. आई चहा गाळता गाळता म्हणाली की, अहो, गाळा काय वर घेऊन जायचाय का.

शिडीबुवांनी नाही म्हटलं असतं आणि गप्प बसले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण ते मांडी ठोकून बसले आणि शास्त्र सांगायला लागले. पट्टी सांगितली, दिवे सांगितले. इमारतीवरची क्रेन एका जागेवर गंजत उभी आहे तेही सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा खुलत गेला. बिल्डर बुडणार हे एखाद्याने पोराचा निकाल सांगावा तसं सांगितलं.

जावयाने हातातला कप फिरवला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही दोन पट्ट्या पाहिल्या की देश बुडवता."

"देश मी नाही बुडवत जावईबापू, मी वरून बघतो फक्त. तुमच्या शोरूमच्या बोर्डाचे दिवे महिनाभर बंद आहेत, ते पाहिलंत का?"

"बल्ब गेलेत."

शिडीबुवा हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. जावयाने कप खाली ठेवला आणि बायकोला म्हणाला, चल. मुलगी उठली, पण दारात थांबली.

"तुम्हाला गाळा विकायचा नाही असं नाही, बाबा. तुम्हाला एकदा तरी खरं ठरायचंय. त्यासाठी आमचं घर गेलं तरी चालेल."

हप्ता गेला नाही. नोंदणी रद्द झाली आणि भरलेल्या पैशांतला मोठा लचका बिल्डरने तोडून ठेवला. मुलगी-जावई गावाबाहेर एका खोलीत राहायला गेले. मुलीचा फोन आईला यायचा. शिडीबुवांनी उचलला तर 'आईला द्या' एवढंच ऐकू यायचं. बायकोने घरात अबोला धरला नाही, उलट जास्तच बोलायला लागली, आणि बोलण्याचं प्रत्येक वळण गाळ्याच्या दारात येऊन थांबायचं.

पुढे एका सकाळी एजन्सीच्या मालकाने त्यांच्या हातात गुंडाळी ठेवली. पत्ता सांगितला तेव्हाच शिडीबुवांनी वर पाहिलं. जावयाचं शोरूम होतं. कड्या नीट आहेत का बघायला त्यांनी गुंडाळी जमिनीवर उलगडली. 'दुकान बंद होत आहे. सर्व माल निम्म्या किमतीत.'

"उघडायच्या आत लागली पाहिजे," मालक म्हणाला. "तिथल्या माणसांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या शेठला तोंड दाखवायचं नाहीये, म्हणून आपली पट्टी."

फोन खिशात होता. जावयाचा नंबर होता, मुलीचा होता. घरून निघायला जावयाला अजून अवकाश होता. शिडीबुवांनी फोन काढला, वेळ पाहिली, परत खिशात टाकला आणि शिडी खांद्यावर घेतली.

वर चढून पहिली दोरी बांधताना ते शीळ घालत होते. खाली दोरी धरणाऱ्या जोडीदाराने विचारलंसुद्धा, आज काय विशेष. दुसरं टोक बांधेपर्यंत खाली माणसं जमायला लागली होती. गोदामातले हमाल आले, हिशेब बघणारी बाई आली, आणि सगळे एकामागून एक माना वर करून वाचायला लागले. हिशेबवाल्या बाईने पर्स उघडली, आत काही शोधलं, परत बंद केली.

मग जावई आला. इस्त्रीचा शर्ट, खिशावर दुकानाचा बिल्ला, हातात डबा. त्याने वाचलं. एकदा वाचून पटलं नाही म्हणून परत वाचलं. मग पट्टीच्या टोकाला बसलेला माणूस त्याला दिसला.

"बाबा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "हे खरं आहे?"

एवढ्या लोकांत त्याला विचारण्यासारखं घरचं असं एकच माणूस होतं. शिडीबुवांनी गाठ आवळली आणि वरूनच उत्तर दिलं.

"मी फक्त लावतो जावईबापू. वाचायचं काम तुमचं."

हमालांपैकी एक जण फिस्सकन हसला. जावयाने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मान खाली घातली. बिल्ला काढायचं त्याला सुचलं नाही. तो तसाच लावून तो रस्त्याने निघून गेला.

त्या दिवशी शिडीबुवांनी घरी येऊन सगळं हातवारे करून सांगितलं. जेवण परत वाढून घेतलं. बायको वाढत होती आणि एक शब्द बोलत नव्हती, तेही त्यांना कौतुकच वाटलं.

पुढचे महिने तर त्यांचेच होते. इमारतीची क्रेन उतरवून नेली. ज्यांनी हप्ते भरले होते ते कुलूप लावलेल्या फाटकासमोर रोज उभे राहून शंख करत होते. वाण्याने शेजारचा गाळा सोडला. चहाच्या टपरीवर लोक आता शिडीबुवांना जागा करून द्यायचे आणि विचारायचे, आता पुढे काय. ते कपाला फुंकर घालत, घाई न करता सांगायचे. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांचं ऐकत होते. काम कमी झालं होतं, दिवसचे दिवस बोलावणं येत नव्हतं, पण त्याची झळ त्यांना लागत नव्हती. घरी मात्र कुणी काही विचारत नव्हतं.

जावयाला दुसरी नोकरी मिळाली नाही. मिळेल ते तो करत होता, कधी मालाच्या गाडीवर, कधी कुणाचं सामान हलवायला. गावाबाहेरची खोलीही परवडेना, तेव्हा बायकोने गाळ्याची किल्ली मुलीला नेऊन दिली. नवऱ्याला विचारलं नाही. आल्यावर सांगितलं, तेही कपडे वाळत घालता घालता.

शिडीबुवा रागावले नाहीत. उलट सुखावले. गाळा विकला असता तर पोरगी आज रस्त्यावर असती, हे आता तिलाही कळलं असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी बाजारातून छताचा पंखा आणला आणि रविवारी दुपारी तो काखेत मारून गाळ्याकडे निघाले.

शटर अर्धं वर होतं. वाकून आत जावं लागलं. समोर पडदा, पडद्यामागे चूल आणि गादी, भिंतीला लावलेल्या दोन पेट्या. खिडकी नव्हतीच, ती दुकानाला कशाला हवी. जावई कामावर गेला होता. मुलगी भांडी घासत होती. तिने वर पाहिलं, हात पुसले आणि बसायला स्टूल दिलं. पाणीही दिलं. पाहुण्याला द्यावं तसं दिलं.

शिडीबुवांनी चारही भिंतींवरून नजर फिरवली. "गाळा ठेवला म्हणून तर," ते म्हणाले. "नाहीतर आज कुठे असता?"

"हो," मुलगी म्हणाली. "तुमचं बरोबर होतं, बाबा. सगळं बरोबर होतं. मला त्या संध्याकाळीच पटलं होतं. ह्यांच्यासमोर तुमची बाजू घेणार कशी, म्हणून बोलले."

हे ऐकायला ते किती महिने थांबले होते. पण ऐकलं आणि आत काहीच झालं नाही. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिचं अजून संपलेलं नव्हतं.

"पट्टी तुम्हाला सकाळीच मिळाली होती. एक फोन करायचात."

"फोनने काय नोकरी वाचली असती?"

"नसती. पण ते घरीच थांबले असते. सगळ्यांच्या देखत खाली उभं राहून वाचावं लागलं नसतं." ती एक क्षण थांबली. "अजून झोपेत बोलतात. ते वाक्य बोलतात, तुमचं."

शिडीबुवांनी स्टूल जरा मागे सरकवलं.

"आणि त्या दिवशी तुम्ही जेवण परत वाढून घेतलंत. आईने सांगितलं मला. सांगताना रडत होती."

शिडीबुवा उठले आणि छताकडे बघायला लागले. हुक जागेवर होता.

"पंखा लावून देतो. स्टुलावरून हात पोचतो."

"ठेवा तिथे. ते आल्यावर लावतील."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे. माझं रोजचंच."

"ते लावतील, बाबा."

त्यांनी पंखा पेट्यांशेजारी ठेवला. खोक्याचं तोंड उघडं होतं, ते दाबून बंद केलं. मुलगी म्हणाली की तिला जरा पडायचं आहे. शटर उघडं असलं की रस्त्यावरचे लोक वाकून आत बघतात. ती हे सरळ, साध्या आवाजात म्हणाली. ते वाकून बाहेर आले.

तिने आतून शटर ओढलं. ते करकरत गुडघ्यापर्यंत आलं आणि अडकलं. खालच्या कडेला तिची बोटं दिसत होती; ती ओढत होती, थांबत होती, परत ओढत होती. तिने हाक मारली नाही. समोरच्या फुटपाथवरून जाणारे दोघे जण थांबून बघायला लागले.

शिडीबुवा जवळ गेले. तिची बोटं आत सरकेपर्यंत थांबले. मग दोन्ही तळहात पत्र्यावर टेकवून त्यांनी अंगाचा सगळा भार खाली दिला, आणि शटर जमिनीला लागलं.