बेबीच्या लॅपटॉपचं नेट

चाळिशी उलटली तरी घरात तिला बेबीच म्हणत. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी सोडून ती दादाकडे राहायला आली. दादाला नोकरी होती, वहिनीला नोकरी होती, आणि बेबीच्या मागे, दादाच्या शब्दांत, 'कसली लचांडं नव्हती'. वरच्या मजल्यावरची खोली आईची आणि तिची. खाली दादाचा संसार आणि त्याच्या दिवाणखान्यात वायफायचा राउटर.

चार वर्षांनी तिने पुन्हा अर्ज केला, घरात सगळ्यांना सांगून. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयाने लॅपटॉपवरच मुलाखत ठेवली.

"आईसाठी दिवसरात्र राहणारी बाई बघू," ती म्हणाली.

"बघू की. आधी मुलाखत तर होऊ दे," दादा म्हणाला. "किती वाजता आहे?"

मुलाखत बरी चालली होती. मग समोरच्या बाईंचे ओठ अर्ध्या वाक्यावर गोठले आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरायला लागलं. दादा त्या दिवशी घरीच होता. तिच्या हाकेसरशी धावत वर आला. लॅपटॉप बंद करून चालू केला, वायफाय काढून परत जोडलं, टेबलाखाली शिरून प्लग हलवून पाहिले. नेट आलं, पण वरातीमागून घोडं. ग्रंथालयाची माणसं भली. त्यांनी दुसरी तारीख दिली.

मधल्या दिवसांत बेबीने त्या लॅपटॉपचा पिच्छा पुरवला. टेबल जिन्याच्या बाजूला सरकवलं. बॅटरी वाचवायला लॅपटॉप स्वतःच वायफाय झोपवतो असं कुठेतरी वाचलं, तर ते सेटिंग बंद केलं. दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, यात काही खोट नाही. आणि खरंच, एरवी नेट झुळझुळ वाहायचं. आईसाठी जुनी गाणी लावली तर तासन्‌तास वाजायची. मोबाइलला त्या खोलीत रेंज नव्हती आणि गच्चीवर जावं तर आईला एकटं टाकावं लागे. एकदा तसं केलं तर ती पलंगावरून घसरली होती.

दुसऱ्या मुलाखतीलाही तेच झालं. दादा पुन्हा धावत आला, पुन्हा टेबलाखाली शिरला. "तुझं नशीबच फुटकं बघ," तो वायरी चाचपत म्हणाला. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना तिला ग्रंथालयाचा फोन आला. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर तिने नेट कंपनीचा माणूस बोलावला. त्याने दिवाणखान्यात बसून कंपनीच्या लॉगिनने राउटर उघडला आणि मान वर केली.

"ताई, लाइन ठणठणीत आहे. तुमचा लॅपटॉप मधेमधे ब्लॉक करतात ना, म्हणून जातं."

"कोण करतं?"

"कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या मोबाइलवरून होतं ते. कालही केलाय दुपारी, मग काढलाय." तिचा चेहरा बघून तो आवराआवर करू लागला. "चुकून हात लागला असेल, ताई."

दादा संध्याकाळी बूट काढत होता तेव्हा तिने विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"तू गेलीस की आईचं कोण करणार? ठेवलेल्या बाईचा काय भरवसा?"

"मग सरळ जाऊ नकोस म्हणायचं."

"तसं म्हटलं असतं तर मी वाईट ठरलो असतो."

"आणि टेबलाखाली कशाला शिरत होतास?"

त्याने बूट उचलून जागेवर ठेवले आणि तो आत गेला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

ती वर आली. आईला कूस बदलून द्यायची वेळ झाली होती. पाठीखाली हात घालता घालता तिने सांगितलं, "आई, नेट दादाच बंद करत होता."

आईचं बोलणं अडखळत येई, पण समजे. "माहीत आहे," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं त्याने."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तू गेली असतीस."

बेबीने आईला अलगद डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या. रोज करायची तसंच, काही कमी न करता. त्यानंतर ती आईशी कामापुरतं बोलू लागली आणि दादाशी तेवढंही नाही. आईला आवडायची ती गाणी मात्र लावत राहिली.

त्या दिवसानंतर नेट एकदाही गेलं नाही. पुढचा अर्ज तिने कुणाला न सांगता केला, त्याच्या पुढचाही. अजून कुठून काही आलेलं नाही.