वरीलप्रमाणे

मी ऊसनोंदणीचा कोरा अर्ज बोलतोय. पलूसकडच्या एका साखर कारखान्याच्या गट ऑफिसात, तात्या कारकुनांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात माझा मुक्काम. डोक्यावर ‘सन १९७_’ छापलंय. पुढचा आकडा कुणी भरेल तर शपथ!

नियम असा, की मला घरी न्यायचं, भरून आणायचं, तात्यांनी तपासायचं आणि मगच मोठ्या वहीच्या रकान्यांत उतरवायचं. तात्या म्हणतात, "एकच गोष्ट दोनदा लिहायला मी काय वेडा आहे? थेट वहीत!" मग आम्हा अर्जांचं काम काय, तर त्यांच्या चहाची कपबशी डोक्यावर धरायची. चालू द्या.

गेल्या साली शालूबाई लागणीची नोंद द्यायला आली. नवरा पलटणीत. तात्यांनी विचारलं, "मालकाचं नाव?" बाईनं पदर तोंडाला लावला. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणार कशी? मागनं रांग ओरडली, "उरका की, आमाला घरला जायचंय!" वरच्या ओळीत बनुबाईच्या नवऱ्याचं नाव होतं, गुंडा. तात्यांनी त्याखाली ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं दिली. लागलं लग्न!

यंदा ऊस तोडायची, म्हणजे तोडीची चिठ्ठी निघाली ‘शालूबाई गुंडा’ या नावानं, आणि पोचली गुंडाच्या घरी. बनुबाई नवऱ्याला पुढं घालून ऑफिसात हजर. "तात्या, ह्येंनी दुसरी कवा केली? दावा मला ती!"

"आगं, एकीलाच पुरा पडंना मी," गुंडा काकुळतीला आला. ऑफिस हसून लोळलं.

मागोमाग शालूबाई आली. ती काही हसली नाही. "आवं तात्या, उसाला तुरं आलं, फडाचं चिपाड व्हायलंय. माझी तोड कुनाला दिली?"

"मग सांगा नाव."

पुन्हा पदर! कपाळावर हात मारला असता, पण मला हात कुठले?

तेवढ्यात बाईनं कपबशी उचलून बाजूला ठेवली आणि माझ्या वरचा अर्ज ओढला. "बोलायचं न्हाई, म्हून लिवायचं बी न्हाई व्हय? दर म्हैन्याला पलटणीत पत्र धाडती मी." चौकटीत तिनं ठसठशीत लिहिलं, ‘जोतीराम’. इतकं दाबून, की ते नाव माझ्या अंगावरही उमटलं. खरं सांगतो, भरून आलं मला.

दुसऱ्या दिवशी ऊसतोड्यांची टोळी तिच्या फडात शिरली. तात्यांनी वहीतली टिंबं खोडून तिथं जोतीराम लिहिलं आणि चहा मागवला.

पण खालच्या ओळीत तानुबाई आहे. तिनंही नाव घेतलं नव्हतं, तिच्यापुढंही टिंबंच. कालपर्यंत ती गुंडाची होती, आज जोतीरामची झाली.

तानुबाई, तुझ्याही उसाला तुरे आले असतील गं. ये, कपबशी बाजूला सार आणि मला उचल. फक्त शालूबाईच्या कानावर जायच्या आत ये.