थांबता न येणारी गाडी

आजोबांनी सातव्यांदा किल्ली फिरवली. ‘टक्’ एवढाच आवाज आला. गाडी पुढे हूं की चूं करेना.

“आजोबा, अडीच वाजले,” मागच्या सीटवरून भिंगरी म्हणाली. गेल्या पाच मिनिटांत तिने हे तिसऱ्यांदा सांगितलं होतं. एका जागी ती कधी टिकायची नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. आज तर तिच्या पायांना भिंगरी, डोक्याला भिंगरी आणि जिभेलाही भिंगरी.

आणि का नसावी? तिचा बाबा मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला. नऊ महिन्यांत पोरीने त्याला पाहिलं नव्हतं. आज त्याचं जहाज बंदराला लागलं होतं, पण मुक्कामाला नाही. माल चढवायचा, इंधन घ्यायचं आणि निघायचं. खलाशांना फाटकाशी येऊन घरच्यांना भेटायला मुभा होती ती चार ते साडेचार. साडेचारला फाटक बंद. पुढची भेट सात महिन्यांनी. घर दोनशे किलोमीटर मागे पडलं होतं, बंदर अजून साठ किलोमीटरवर होतं आणि मध्ये हा चढाचा सुनसान रस्ता.

आजोबा गाडीबाहेर आले, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतंच. काय झालंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजोबांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. कुणी ‘असं का?’ विचारलं, की हातातलं काम बाजूला पडायचं. तासाभरापूर्वी डबा खायला गाडी इथे उभी केली, तेव्हा भिंगरीने विचारलं होतं, “हॉर्न वाजवला की दिवे मंद का होतात?” झालं! आजोबांनी डब्याचं झाकण लावलं आणि इंजिन बंदच ठेवून दिवे लावले. मग वायपर, मग पंखा. “आता वाजव हॉर्न. दिसलं? आता पंखा बंद करून वाजव.” एक मोजणी, दुसरी मोजणी, वहीत तक्ता. अर्धा तास कसा गेला कळलंच नाही. बॅटरी आधीच म्हातारी, तिची मात्र या शिकवणीत शुद्ध हरपली.

हे सगळं पोरीला सांगायला हवं होतं. पण जीभ रेटेना.

“वायर सैल असेल,” ते बॉनेटमध्येच पुटपुटले.

गाडी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस निवांत होता. “दोन तास लागतील साहेब. तोवर गाणी ऐका.”

“गाणी ऐकायला बॅटरी लागते हो!” आजोबा खेकसले आणि फोन ठेवला.

दोन मोटारी न थांबताच सुसाट गेल्या. भिंगरी रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत होती. मैलाच्या दगडाशी जायची, परत यायची, घड्याळ बघायची. “दोन पन्नास. आजोबा, दोन बावन्न.”

तीन वाजून गेल्यावर एक टेम्पो आला. मागे जाळीखाली लाकडी पेट्या रचलेल्या आणि त्यांतून सतत घुमणारा आवाज. चाळिशीतली एक बाई उतरली. हातमोजे कमरेला खोचलेले.

“काय काका, बसली का गाडी?”

“बॅटरी गेली. बॅटरीला बॅटरी जोडायच्या वायरी आहेत का तुमच्याकडे, ताई?”

“माझ्याकडे माश्या आहेत. मधाच्या. वायर नाही.” मग पेट्यांकडे बघून म्हणाली, “पाच मिनिटं थांबते, जास्त नाही. पेट्यांची दारं बंद आहेत. गाडी चालती असली की वारा लागतो, थांबली की आत तापून मरतात बिचाऱ्या. चला, धक्का मारू.”

“चढावर?”

“पुढे कशाला? मागे उतार आहे की. रिव्हर्स टाका, क्लच दाबून ठेवा. वेग आला की सोडा.”

आजोबा बसले. बाईने आणि भिंगरीने पुढून रेटा दिला. गाडी मागे घरंगळू लागली. हा धडा आजोबांनी वर्गात किती वेळा समजावला होता! पण समजावताना काळीज असं धडधडत नव्हतं. वेग पुरता यायच्या आधीच पाय उचलला गेला. गाडीला हिसका बसला, ती दोनदा खोकली आणि गप्प झाली. मग तशीच खालच्या मोरीपर्यंत गेली आणि सपाटीवर थांबली. उतार संपला.

भिंगरी धापा टाकत आली. पाठोपाठ बाई टेम्पो खाली घेऊन आली. “काका, आता निघायला हवं. सोडू का कुठे?”

आजोबांचं डोकं पुन्हा बॉनेटमध्ये होतं. “एकच मिनिट. बॅटरीची टोकं घासून बघतो. भिंगरे, इकडे ये, हा पांढरा थर दिसतो का? याचं कारण असं...”

“मला कारण नको!” भिंगरी किंचाळली. “मला बाबा हवा!”

आजोबा सरळ उभे राहिले. चौतीस वर्षांत एकाही मुलाने त्यांना असं अडवलं नव्हतं. वाईट वाटायला वेळ नव्हता हेच बरं. त्यांनी बॉनेट आपटलं, गाडीला कुलूप घातलं आणि पोरीचा हात धरून टेम्पोत चढले.

टेम्पो सुटला. मागे हजारो माश्या घुमत होत्या. वळणावर पेट्या करकरल्या, की आजोबा मान आखडून घेत.

“घाबरू नका,” बाई हसली. “चावल्याच तर आधी मला चावतील. माझी ओळख आहे.”

भिंगरी हसली नाही. बराच वेळ खिडकीबाहेर बघून ती हळूच म्हणाली, “हॉर्न मीच वाजवला ना इतका वेळ?”

आजोबा तिच्याकडे वळले. “वाजव असं मी सांगितलं. इंजिन बंद ठेवलं तेही मी. चूक माझी आहे, तुझी नाही.”

एवढंच बोलून ते थांबले. पुढे सांगण्याजोगं बरंच होतं, पण थांबले.

बाईला खरं तर डावीकडे, फुलांच्या शेतांकडे वळायचं होतं. तिने वळण येताच पोरीकडे एकदा पाहिलं आणि टेम्पो सरळ नेला. “पाऊण तासाचा फेरा पडेल. पडू दे. पण बंदरावर मी थांबणार नाही हं. वेग कमी करते, चटकन उतरायचं.”

चार वाजून अठरा मिनिटांनी टेम्पो फाटकाशी आला. आधी आजोबा उतरले, चार पावलं तसेच पळत गेले आणि भिंगरीला अलगद उचलून खाली ठेवलं. आभाराचा शब्द तोंडातून निघेपर्यंत टेम्पो वळलाही होता.

फाटकाबाहेर जाळीशी, तेलाने माखलेल्या कपड्यांत, मान उंचावून एकजण उभा होता. भिंगरी सुटली ती थेट त्याच्या पोटावर जाऊन आदळली.

“केवढी झालीस गं!” तिला गच्च धरून त्याने वडिलांकडे पाहिलं. “अण्णा, चारपासून इथेच उभा आहे मी. जीव नुसता टांगणीला! गाडी कुठंय? झालं काय?”

आजोबांनी तोंड उघडलं. मनात सगळं तयार होतं, अगदी आकृतीसकट.

“पत्र लिहून कळवतो,” ते म्हणाले. “बारा मिनिटं आहेत. तिच्याशी बोल तू.”

आणि ते पहारेकऱ्याच्या खोलीपलीकडच्या बाकावर जाऊन बसले, दोघांकडे पाठ करून. मागून भिंगरीची बडबड ऐकू येत होती, पडलेल्या दाताची, शाळेतल्या नव्या बाईंची, पोहायला शिकल्याची, एकातून दुसऱ्यात उड्या मारणारी. मध्येच तिचा बाबा म्हणे, “मग? पुढे?”