परवान्यासाठी थांबलेली कात्री

मी शिंपीकामाची कात्री बोलतेय. दहा इंची, पितळी मुठीची. सध्या सिल्वासाजवळ रांधा गावातल्या एका खोलीत खिळ्याला टांगलेली असते. दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

माझा जन्म मेरठचा. कुठल्याशा भंगार गाडीचं लोखंड ठोकून माझी पाती घडवली. सिल्वासाच्या बाजारात सरितानं मला उचललं, हवेतच दोनदा चालवलं, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाली, "हीच द्या." ती शहाद्याकडची. नवरा नवनाथ इथल्या धाग्याच्या कारखान्यात, ती कपड्यांच्या कंपनीत. घरी आली की चाळीतल्या बायकांचे ब्लाउज बेतायची. कापताना ओठ दाबून धरायची, जणू कापडाला दुखेल.

मग कंपनीतल्या ओळखीतून परदेशातलं काम आलं. कपडे दुरुस्तीच्या दुकानाला शिवणारी बाई हवी होती. नवनाथ म्हणाला, "जा तू. सोनमला मी बघतो." त्यांची सोनम तेव्हा नववीत होती. ओळखीच्या सुनंदाबाई कोकणातल्या, इथल्या शाळेत शिक्षिका. त्यांनी सगळे कागद वाचून दाखवले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा परवाना नोकरीचा आहे, सरिता. स्वतःचा धंदा करायचा झाला तर वेगळी परवानगी लागते. एवढं लक्षात ठेव."

दोन साड्यांच्या मध्ये झोपून मी विमानानं गेले. त्या देशाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. चढाच्या गल्ल्या आणि बोचरा गारठा, एवढं आठवतं. दोन वर्षं जाड कोटांची अस्तरं आणि लांबलचक पडदे कापण्यात गेली. सरिता तिथली भाषा मोडकीतोडकी बोलू लागली.

एक दिवस मालक म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून नोकरी नाही. टेबल हेच, वेळ हीच, पण तू स्वतंत्र कारागीर. बिल तुझ्या नावानं द्यायचं."

सरिताला ती ओळ आठवली. ती सरकारी कचेरीत रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या बाईनं सांगितलं, अर्ज करा. परवानगी हातात येईपर्यंत स्वतःचं काम करता येणार नाही. मालक काही थांबला नाही. दुसरी बाई ठेवली.

सरितानं अर्ज भरला आणि तोवर हॉटेलात खोल्या साफ करायची नोकरी धरली. ती तिच्या परवान्यात बसत होती. मी मात्र कपाटात गेले.

नवरात्र जवळ आलं तेव्हा किराणा दुकानवाला कल्पेश दारात आला. मूळचा दमणचा. "बेन, गरब्याच्या वीस चनियाचोळी शिवायच्या आहेत. इथे आपलं माप कुणाला जमत नाही. कागद-बिगद नंतर बघू ने."

सरितानं कपाट उघडलं, मला हातात घेतलं. मला वाटलं, सुटले एकदाची! तिनं मला पुन्हा आत ठेवलं. "कागद आला की पहिलं काम तुमचं, कल्पेशभाई. आज नको."

संध्याकाळी फोनवर नवनाथ वैतागला. "अगं, कर ना गुपचूप. कोण बघतंय तिथं?"

"कोणीच बघत नाही. म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "पकडले गेले तर हाकलून देतील, पुन्हा इकडे कामाला येता येणार नाही. दोन वर्षं सोनमला सोडून राहिले, ती काय चोरून राहायला?"

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या कपाटाला टेकून बसली. मलाही राग होता. कापायला जन्मलेल्या वस्तूला ताटकळणं सोसत नाही.

कागद चौदा महिन्यांनी आला. सरितानं तो दोनदा वाचला, टेबलावर कापड पसरलं आणि मला उचललं. अंगठा मुठीच्या कडीत शिरेना. साफसफाईच्या औषधांनी आणि गार पाण्यानं बोटांचे सांधे सुजून कायमचे जाड झाले होते. साबण लावून पाहिलं, तरी नाही. ती हसली, मग मला छातीशी धरून रडली. आमची ताटातूट त्या क्षणी झाली. मोठ्या कडीची नवी कात्री आणून तिनं कल्पेशभाईंच्या पुढच्या नवरात्राच्या चोळ्या बेतल्या. मी कपाटातून तो आवाज ऐकला. खरं सांगते, हेवा वाटला नाही. काम उजेडात चाललं होतं.

यंदा सुट्टीला येताना तिनं मला घरी आणलं. नवनाथ मला धार लावणाऱ्याकडे घेऊन गेला. "कडी थोडी मोठी करून दे. बायकोचा हात आहे." धारवाल्यानं मुठीवर बोट फिरवून नकारार्थी मान हलवली. "आतून घासली तर पितळ पातळ होईल. जाड कापडाला तुटेल."

निघायच्या दिवशी नवनाथ तिला म्हणाला, "तेव्हा फोनवर मी चुकीचं बोललो." सरितानं त्याच्या हातातून मला घेऊन पात्यांच्या जोडाला तेलाचा थेंब सोडला, मला सोनमकडे दिलं आणि बॅग उचलली. मुदत संपली की दर वेळी तो परवाना वाढवून घ्यावा लागतो, पुन्हा ती रांग. ती थकलीय, चालण्यावरून कळतं.

माझं मागणं छोटं आहे. तुमच्या ओळखीत परगावचं कुणी असं कागदाची वाट बघत बसलं असेल, तर "करून टाक गुपचूप" म्हणू नका. त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा.

बोलून बोलून जोड दुखायला लागला. आता मिटते.