वाल्मीकचा कान

"वाल्मीकभाऊ, हितं जरा लावा ना तुमची सळई. दोन दिस झाले, खालून गोणपाट वलं होतंय."

भागीबाईने भाजीची पाटी बाजूला सरकवली. सातपूरच्या या कोपऱ्यावर ती एकोणीस वर्षं बसत होती. सकाळचं पाणी सुटलं की पाईपांच्या गळत्या शोधत फिरणाऱ्या वाल्मीकला पहिला चहा मिळायचा तो तिच्याच थर्मासातला.

वाल्मीकने सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं. या कानाची काय ख्याती होती म्हणता! चार फूट खाली पाईपाला सुईएवढं भोक पडलं तरी तो खडूने बरोबर तिथेच फुली मारायचा. खणलं की पाणी! गळती ऐकायची यंत्रं आली, बिघडली, कपाटात जाऊन पडली. ठेकेदाराचं एकच पालुपद, वाल्मीकला बोलवा.

पण दोन वर्षांपासून तो कान गेला होता. आधी डावा, मग उजवा. समोरचा मोठ्याने बोलला आणि त्याचे ओठ दिसले, तर भागायचं. त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगणार काय, कपाळ? कान नसलेल्या वाल्मीकला कोण विचारणार होतं? ओल दिसली की फुली मारायची, अशी त्याची धकवाधकवी चालली होती. त्यात गेल्याच आठवड्यात दोन खड्डे कोरडे निघाले. "तिसरा कोरडा निघाला तर कान तपासून आण, मगच कामावर ये," ठेकेदार सगळ्यांदेखत ओरडला होता.

सळईतून काहीच येत नव्हतं. गोणपाट मात्र ओलं होतं. वाल्मीकने खिशातला खडू चाचपला आणि तसाच राहू दिला.

"काही नाही. भाजीवर शिंपडता ना, तेच पाणी मुरलंय. बसा बिनघोर."

"तुमी म्हनता म्हंजी झालं!" भागीबाई हसली. समोरच्या दुकानाच्या पायरीवर हलवलेली दुसरी पाटीही तिने परत जागेवर आणली.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला तो रस्ता तिच्यासकट खाली गेला. तिला वर काढलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

दुपारी खड्ड्याभोवती ही गर्दी. दिनेश नावाचा तरुण इंजिनिअर लोकांना समजावत होता.

"अहो, पण नाशिक तर कातळावर बसलंय म्हणतात. मग जमीन खचलीच कशी?" एकाने विचारलं.

"चुनखडीच्या मुलखात पाणी दगडच विरघळवतं, तिथे आपोआप विवरं पडतात. आपला काळा दगड तसा विरघळत नाही. पण इथे दगड वर नाहीच. इथे ओहोळ होता, तो भराव टाकून बुजवला. पाईप फुटला, पाण्याने भराव जुन्या गटारात धुऊन नेला आणि वर नुसतं डांबराचं झाकण राहिलं. त्या समोरच्या दुकानाखाली कातळ आहे. तिथे काही झालं नसतं."

वाल्मीकने त्याचे ओठ वाचले. मग दुकानाच्या पायरीकडे पाहिलं. तिथे भागीबाईची लेक उज्वला आईचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती.

"वाल्मीकने इथे सळई लावली होती की तीन-चार दिवसांपूर्वी," कोणीतरी म्हणालं.

"मग तेव्हा गळती नव्हतीच. याचा कान चुकत नाही," दिनेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाईप नंतर फुटला. अहवालात तसंच लिहितो."

सुटला होता की तो! पण लोक त्याला थोडेच सोडणार? "काका, आमच्या दारापुढं ऐका. पोरं खेळतात तिथं." ही म्हणे इकडे, तो म्हणे तिकडे. वाल्मीकने सळई टेकवली, कान लावला. आत काही नाही. एक बाई लेकराला कडेवर घेऊन त्याच्या तोंडाकडे टक लावून उभी होती.

त्याच्या हातातून सळई गळून पडली.

"मला ऐकू येत नाही हो! दोन वर्षं झाली. त्या दिवशीही काही आलं नव्हतं. मी भागीबाईंना खोटं सांगितलं."

उज्वला उठून त्याच्या शेजारी आली. खड्ड्याकडे तोंड करून ती बोलायला लागली. हळू आवाजात, बराच वेळ. त्याला फक्त तिचा गाल हलताना दिसत होता.

"पोरी, इकडं तोंड कर," तो काकुळतीला आला.

तिने केलं नाही. ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. दिनेशनेही घातली.

ती काय म्हणाली, ते वाल्मीकला आजतागायत ठाऊक नाही. तिथल्या कोणाला विचारायची त्याची छाती झालेली नाही.